पाण्यातून काढलेली इलेक्ट्रिक गाडी: अग्निशमन दलात नव्यानं आलेल्यांसाठी

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यातल्या सोसायट्यांत शिरलं, तसं पुन्हा शिरलं तर बेसमेंटमध्ये इलेक्ट्रिक गाड्याही बुडालेल्या असणार. नवे जवान घाबरतात ते पाण्यात करंट उतरला असेल म्हणून. पण ३०० ते ४०० व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोकं बॉडीपासून वेगळी ठेवलेली असतात, त्यामुळे गाडीभोवतीच्या पाण्यात सहसा करंट नसतो. शॉक बसेल तो भिंतीवरच्या चार्जरमुळे. म्हणून पाण्यात उतरण्याआधी सोसायटीचा मेन स्विच बंद करवून घ्या, आणि तो बंद आहे याची खात्री मध्य गुजरात वीज कंपनीच्या माणसाकडूनच करा.

हिरवी नंबरप्लेट दिसली की ओळख पटते. हायब्रिडला (इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या गाडीला) मात्र ती नसते, पण नारंगी, म्हणजे मोठ्या व्होल्टच्या, केबल असतात. इथेच फसायला होतं.

गाडी बंद दिसली तरी चालू असू शकते, कारण इंजिनाचा आवाजच नाही. चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, गिअर पार्कमध्ये टाका, बटण बंद करा, किल्ली किमान ५ मीटर लांब न्या. आत माणूस असेल तर काचा, सीट, डिकी याच वेळी हलवून घ्या, पुढे ती हलणार नाहीत. मग १२ व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर, म्हणजे तिची वीज जोडणारे-तोडणारे स्विच, याच छोट्या बॅटरीवर धरलेले असतात. ती गेली की ते उघडतात, म्हणजे जोडणी तुटते. कट लूप (मोठी वीज तोडण्यासाठी कापायलाच ठेवलेली कमी व्होल्टची वायर) कापायचा असेल तर दोन ठिकाणी कापून मधला तुकडा काढून टाका, नाहीतर टोकं पुन्हा चिकटतात. यानंतर १० मिनिटं थांबा, कारण कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) चार्ज उरलेला असतो. बॅटरीच्या आत तर वीज असतेच. नारंगी केबल कधीच कापू नका. हातात क्लास ० चे (१००० व्होल्टपर्यंतचे) रबरी हातमोजे, वरून चामड्याचे. घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळून हवा गळते का ते बघा.

गाडी बाहेर आली की लोक निर्धास्त होतात, तेव्हाच सर्वात जास्त सावध राहायला हवं. आत राहिलेलं गढूळ पाणी सेल शॉर्ट करतं आणि आग काही तासांनी, कधी काही दिवसांनीही लागते. फसफस, फटफट असा आवाज किंवा पांढरा धूर आला तर ती वाफ समजू नका. तो ज्वलनशील वायू आहे, त्यात विषारी हायड्रोजन फ्लोराइडही असतं. बीए सेटशिवाय (पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरच्या श्वसनसंचाशिवाय) जवळ जाऊ नका. थर्मल कॅमेऱ्यानं बॅटरी पुन्हा पुन्हा तपासा. गाडी फ्लॅटबेडवरच (चारही चाकं वर घेणाऱ्या सपाट ट्रकवर) न्या, कारण चाकं फिरली की मोटर वीज तयार करते. उघड्यावर, इतर सगळ्यापासून १५ मीटर लांब ठेवा.

पेटलीच तर पावडर ज्वाळा विझवते, सेल थंड करत नाही. पाणीच लागतं, तेही गाडीखालून थेट बॅटरीवर, ११ ते ३० हजार लिटरपर्यंत. आपल्या बंबात साधारण ५ हजार मावतं, म्हणून दुसरा बंब पहिल्या निरोपातच मागवा. बॅटरीच्या केसिंगला भोक पाडू नका.

स्कूटरची काढता येणारी बॅटरी लोक जिन्यात वाळत ठेवतात. प्रत्येक मजल्यावर विचारा. सापडली तर आधी ती मोकळ्या अंगणात नेऊन ठेवा, जिना मोकळा राहू द्या आणि घरच्यांना ती चार्जिंगला लावू देऊ नका.