प्रीमियर पद्मिनी घ्यावी की नवी हॅचबॅक?

रोज ऑफिसला न्यायची असेल तर सरळ नवी घ्या. जुन्या पद्मिनीला चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक, एअरबॅग नाहीत, आणि १०८९ सीसीचं कार्ब्युरेटरवालं (पेट्रोल-हवा मिसळायची जुनी पद्धत) इंजिन उन्हाळ्यातल्या ट्रॅफिकमध्ये तापतं. रविवारच्या फेरीसाठी मात्र तिच्यासारखी मजा नाही.

जुनीच घ्यायची ठरली तर आधी पत्रा बघा, इंजिन नंतर. इंजिन पुन्हा बांधता येतं. पण या गाडीला वेगळी चॅसी (खालचा सांगाडा) नाही, बॉडीच सगळा भार घेते. म्हणून दारांखालचे सिल (पत्र्याच्या लांब पट्ट्या) गंजले की गाडी खचते. मॅट उचलून फ्लोअर पाहा, जॅक लावायच्या जागी स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोका. बद्द आवाज आला तर शंका घ्या. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक सिलवरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे. नवा कोरा रंग दिसला तर हे दोनदा करा. कोकणातली किंवा मुंबईतली गाडी असेल तर तिनदा!

आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) चॅसी नंबर गाडीच्या बॉडीवर कोरलेल्या चॅसी नंबरशी जुळवा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं, त्याची मुदत तपासा. पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, पण मग ती रोज वापरता येत नाही.

घेतल्यावर पहिलं काम: पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा) इथेनॉल सोसणारे बसवा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर फुगून चिरतं आणि गळती थेट गरम इंजिनावर होते.