अणुकेंद्रीय द्रव्यातला आवाज: या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी

एमएस्सीनंतर हेवी-आयन फिजिक्सकडे, म्हणजे जड अणुकेंद्रांच्या टकरींच्या अभ्यासाकडे, वळणारी मुलं बहुधा आधी क्वांटम क्रोमोडायनॅमिक्सचं (क्यूसीडी, क्वार्कांना बांधणाऱ्या बलाचा सिद्धांत) जाडजूड पुस्तक उघडतात. माझं सांगणं असं, की त्याआधी थर्मोडायनॅमिक्स पक्कं करा. प्रकाशवेग 1 धरला, तर ऊर्जाघनता जरा वाढवल्यावर दाब किती वाढतो, तोच ध्वनीच्या वेगाचा वर्ग. फक्त तो काढताना काय स्थिर धरलंय, तापमान की दर बॅरिऑनमागची (प्रोटॉन-न्यूट्रॉनसारख्या कणामागची) एंट्रॉपी, हे वहीत लिहीत चला. आवाजासाठी एंट्रॉपी धरायची.

मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला एक गणित करायला लावते. वस्तुमान नसलेल्या कणांचा वायू घ्या. ध्वनिवेगाच्या वर्गाचं उत्तर 1/3 येतं, म्हणजे वेग प्रकाशाच्या साधारण 58 टक्के. मग त्यात खरे पायॉन, केऑन, प्रोटॉन आणि वरचे रेझोनन्स (अल्पायुषी जड कण) एकेक करून घालत जा. 150 एमईव्ही (ऊर्जेच्या एककात मोजलेलं तापमान) जवळ, म्हणजे सुमारे पावणेदोन लाख कोटी केल्विनला, आकडा 0.15 च्या आसपास उतरतो. पुरवलेली ऊर्जा जड कण घडवण्यातच खर्ची पडते, दाबाच्या वाट्याला थोडी येते. लॅटिस क्यूसीडीचा, म्हणजे अवकाश-काळाची जाळी करून संगणकावर सोडवलेल्या क्यूसीडीचा, आलेखही याच भागात तळ गाठतो. हे स्वतःच्या कोडमधून उतरताना बघण्यात जे समाधान आहे, ते छापील आलेखात नाही.

2024 मध्ये सर्नमधल्या सीएमएस प्रयोगाच्या गटाने शिशाच्या अणुकेंद्रांच्या टकरींतून 219 एमईव्हीला ध्वनिवेगाच्या वर्गाचं 0.241 हे मूल्य काढलं. त्यामागची युक्ती मला अतिशय सुंदर वाटते. अगदी समोरासमोरच्या टकरींत आकारमान जवळपास तेच राहतं, तरी काहींत कण जास्त निघतात. कण वाढले म्हणजे एंट्रॉपी वाढली. आडवा संवेग सरासरीने वाढला म्हणजे तापमान वाढलं. कण 10 टक्के जास्त, तर संवेग सुमारे 2.4 टक्के जास्त. झालं उत्तर!

जास्त घनतेची बाजू अवघड आहे. तिथे साइन प्रॉब्लेममुळे (बेरजेतली पदं धन-ऋण होऊन एकमेकांना खोडतात) लॅटिस अडते, आधार न्यूट्रॉन ताऱ्यांचा. 2010 मध्ये एका न्यूट्रॉन ताऱ्याचं वस्तुमान जवळपास दोन सूर्यांएवढं भरलं. एवढा भार पेलायचा तर आतलं द्रव्य चांगलंच कडक हवं. आत कुठेतरी ध्वनिवेगाचा वर्ग 1/3 ओलांडत असणार, असं मलाही वाटतं. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरींतून निघणाऱ्या गुरुत्वीय लहरींवरूनही हा कडकपणा जोखता येतो, आणि हिंगोली जिल्ह्यात या लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा होऊ घातली आहे. या बाजूला यायचं असेल, तर गुरुत्वीय लहरींचं डेटा-विश्लेषण एमएस्सीच्या प्रोजेक्टपासूनच शिकायला घ्या.