‘हे मूल आमच्याकडे जमणार नाही’ असे शाळेने सांगितले तर

स्वमग्नता (ऑटिझम), अतिचंचलता (एडीएचडी), अध्ययन अक्षमता किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या पालकांना शाळा स्पष्ट नकार क्वचितच देते. ‘वर्गात एवढी मुले, बाई एकट्याच’, ‘इतर पालक तक्रार करतात’, ‘विशेष शाळेत त्याचेच भले होईल’ अशा सौम्य वाक्यांतून नकार सुचवला जातो. मुख्याध्यापकांच्या दालनात या वाक्यांवर वाद घालून फारसे काही साधत नाही. शाळेची दृष्टी बदलण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा मुलाला कोणती व्यवस्था हवी ते ठरवून ती लेखी मागावी, कारण दृष्टी बदलली की नाही हे कोणालाच मोजता येत नाही, व्यवस्था झाली की नाही हे मात्र दिसते.

त्यासाठी आधी निदान हाती हवे. जिल्हा रुग्णालयांशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची विकासविषयक तपासणी होते. याच कार्यक्रमातील पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत तपासणीसाठी येतात, त्या दिवशी मुलाला आवर्जून पाठवावे. वाचन-लेखनातील अध्ययन अक्षमतेचे निदान साधारण तिसरीच्या सुमारास खात्रीने करता येते. त्याआधी अक्षरे उलटी काढली म्हणून घाबरू नये, पण चौथी-पाचवीपर्यंत ‘आळशी आहे’ हा शेरा चालवूनही घेऊ नये.

निदानानंतर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यासोबतचे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचे ओळखपत्र, काढावे. ‘शिक्का बसेल’ म्हणून अनेक घरांत, विशेषतः आजी-आजोबांच्या आग्रहाखातर, हे काम वर्षानुवर्षे टाळले जाते. माझ्या मते ही काटकसर महागात पडते. प्रमाणपत्र असो वा नसो, वर्गात मुलावर ‘मठ्ठ’, ‘वेडा’, ‘खोडकर’ असे शिक्के बसतच असतात. फरक एवढाच की प्रमाणपत्राच्या शिक्क्यामागे अधिकार असतात. मात्र एक अडचण लक्षात ठेवावी. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील 21 प्रकारांत स्वमग्नता, अध्ययन अक्षमता आणि बौद्धिक अक्षमता आहेत, परंतु अतिचंचलतेचा स्वतंत्र उल्लेख नाही. अशा मुलाच्या बाबतीत डॉक्टरांचा सविस्तर अहवाल हाच मुख्य आधार ठरतो, आणि सोबत अध्ययन अक्षमताही आहे का, हे तपासून घ्यावे.

शाळेशी बोलण्यापूर्वी कायद्यातील दोन-तीन गोष्टी नीट माहीत असाव्यात, धमकावण्यासाठी नव्हे, तर समोरच्याचे विधान ऐकून गप्प बसण्याची वेळ येऊ नये म्हणून. 2016 च्या अधिनियमाच्या कलम 16 नुसार शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेने दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे आणि त्यांच्या गरजेनुसार वाजवी सोयी करायच्या आहेत. त्यामुळे ‘आम्ही खासगी आहोत’ हे उत्तर पुरेसे नाही. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षे या वयात जवळच्या शाळेत किंवा स्वतःच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. यातील पसंती मुलाची आणि पालकांची आहे, मुख्याध्यापकांची नाही. काही मुलांना विशेष शाळा खरोखरच अधिक मानवते. तो निर्णय मुलाची गरज पाहून घ्यावा, वर्गाची गैरसोय पाहून नव्हे.

आता प्रत्यक्ष भेट. एकट्या आईने जाऊ नये. वडील, थेरपिस्ट किंवा विशेष शिक्षक यांपैकी कोणीतरी सोबत असावे, कारण एकट्या आईसमोर चर्चा फार लवकर ‘घरी लक्ष देत नाही’ या वळणावर जाते. स्वमग्नतेचे खापर आईच्या वागणुकीवर फोडण्याची रीत विसाव्या शतकाच्या मध्यात वैद्यकशास्त्रातही होती आणि तेथून ती केव्हाच हद्दपार झाली, तरी नातेवाइकांत आणि शिक्षककक्षात ती अजून जिवंत आहे. बैठकीत निदानाचे व्याख्यान देऊ नये. एका पानावर मुलाविषयी नेमके लिहून द्यावे: त्याला काय आवडते, कशाने तो बिथरतो, बिथरल्यावर काय करावे आणि काय मुळीच करू नये. ‘घंटेच्या आवाजाने तो कान झाकतो, त्या वेळी त्याला ओरडू नये, दोन मिनिटे दाराबाहेर उभे राहू द्यावे’ हे वाक्य शिक्षिकेला दहा पानी अहवालापेक्षा अधिक उपयोगी पडते. मागण्याही अशाच छोट्या असाव्यात: पुढच्या बाकावर जागा, फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी छापील कागद, तोंडी परीक्षेची मुभा, एकच ठरलेला सवंगडी. ठरलेले सारे त्याच दिवशी पत्राने कळवून पोच घ्यावी आणि तीन महिन्यांनी पुन्हा बसण्याची तारीखही त्यातच लिहावी. ‘समग्र शिक्षा’ या शासनाच्या शालेय शिक्षण योजनेतील तालुका पातळीवरील विशेष शिक्षकांची मदत गटसाधन केंद्रातून, म्हणजे तालुक्यातील शाळांना साहाय्य करणाऱ्या केंद्रातून, मागता येते, ही गोष्ट कित्येक शाळांनाही ठाऊक नसते.

राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षांत लेखनिक, जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात, पण प्रस्ताव शाळेमार्फत जातो. म्हणून कागदपत्रांची तयारी नववीतच सुरू करावी.

इतर पालकांचा विरोध हा अधिक नाजूक भाग आहे. ‘आमच्या मुलाला मारतो’ ही तक्रार खरी असेल तर ती नाकारू नये. कोणत्या तासाला आणि कशानंतर असे घडते याची नोंद शिक्षकांकडून मागावी, कारण बहुतेक वेळा गोंगाट, गर्दी किंवा चिडवणे हे त्यामागचे कारण सापडते. पालकसभेत मुलाविषयी काय आणि किती सांगायचे हे तुम्ही ठरवावे. शाळेने परस्पर निदान जाहीर करू नये, हेही पत्रात नमूद करावे.

एवढे करूनही ‘दाखला काढून घ्या’ असा आग्रह सुरू झाला, तर दाखल्याच्या अर्जावर सही करू नये. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांवरही बंदी आहे. सही केली की कागदोपत्री मूल तुमच्याच इच्छेने गेलेले ठरते. शाळेचे म्हणणे लेखी मागावे, ते मिळाले नाही तर तसे नमूद करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा, आणि तेथेही दाद मिळाली नाही तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करावी. निकाल लागेपर्यंत मुलाला रोज वेळेवर शाळेत पाठवत राहावे, म्हणजे हजेरीपटावर त्याचे नाव आणि उपस्थिती कायम राहते.