स्टुडिओत पाय ठेवण्याआधीच बिघडणारं गाणं: सीमाभागातल्या ग्रुपनी या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात स्वतःची गाणी करणारे ग्रुप आता गल्लोगल्ली आहेत. कुठे भजनी मंडळातली पोरं पखवाजाला गिटारची जोड देतात, कुठे पोवाड्याला ड्रम्सची साथ असते, कुठे कॉलेजातला बँड मराठीत गाणी लिहितो. पाठीशी कंपनी नसते. पैसा येतो तो वर्गणीतून, नाहीतर गणपतीतल्या आणि वैशाखातल्या शिवजयंतीच्या कार्यक्रमांच्या बिदागीतून. तो पैसा खर्चून गाणं हातात येतं आणि ऐकल्यावर मंडळी म्हणतात, "स्टुडिओ काय बरोबर नव्हता."

मला हे पटत नाही. ऐकू येणारे बहुतेक दोष तालमीच्या खोलीतूनच सोबत आलेले असतात, किंवा जे आधी बोलायला हवं होतं आणि कुणीच बोललं नाही, त्यातून आलेले असतात. म्हणजे ते टाळणं आपल्याच हातात आहे.

पेटी एका सुरात, कीबोर्ड दुसऱ्या

ही चूक सर्वांत जास्त दिसते आणि मिक्सिंगमध्ये (वेगवेगळे आवाज जुळवून एक गाणं करताना) ती धड निस्तरता येत नाही, म्हणून तिच्याविषयी आधी. आपण म्हणतो, पेटी काळी एकमध्ये आहे, म्हणजे सी शार्प. कीबोर्ड, गिटारचा ट्यूनर आणि कॉम्प्युटरमधली वाद्यं ए-४४० (मधला ए म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं) धरून चालतात. जुन्या पेटीचे स्वर नेमके तिथे असतील याची खात्री नसते. पेटी ए-४४२ ला लावलेली असली तर फरक जवळपास आठ सेंटचा पडतो (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). एकटी पेटी वाजते तेव्हा काही जाणवत नाही. तिच्यावर कीबोर्डच्या स्ट्रिंग्ज चढल्या की सूर हेलकावायला लागतो. गायक कधी पेटीला धरतो, कधी स्ट्रिंग्जना, आणि शेवटी बेसूर म्हणून बोल त्यालाच लागतो.

तालमीतच मोबाईलवर ट्यूनर उघडा. भाता एकसारखा ठेवा, कारण दाब बदलला की सूरही किंचित हलतो. मधल्या सप्तकातले सगळे स्वर एकेक करून धरा आणि काटा किती सेंट वर-खाली जातो ते वहीत लिहा. सगळे साधारण एकाच बाजूला सरकलेले असतील तर काम सोपं आहे. संगीत संयोजकाला तो आकडा सांगायचा. कीबोर्ड, सॉफ्टवेअर, तानपुऱ्याचं अ‍ॅप, सगळं तेवढंच सरकवता येतं. गिटारही त्यावर लावायची. पेटी जागची हलवता येत नाही, बाकीच्यांना हलवता येतं. मात्र गाइड ट्रॅक (ज्याच्या आधाराने पुढचं सगळं वाजतं ते कच्चं रेकॉर्डिंग) तयार होण्याआधी हे व्हायला हवं. एक स्वर वर आणि एक खाली असा प्रकार असेल, तर पेटी आधी दुरुस्तीला द्या किंवा चांगली पेटी मागून आणा.

जोडीला पट्टीचाही विचार करा. कार्यक्रमात समोर माणसं असतात, अंगात जोर असतो, गळा एकदा वर जाऊन येतो. स्टुडिओत तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणावी लागते. तालमीत सगळं गाणं न थांबता सलग तीनदा म्हणून बघा. तिसऱ्यांदा वरचा षड्ज ताणून लागत असेल तर अर्धा स्वर खाली या.

पावसातली ढोलकी, एसीतला पखवाज

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा कशी असते ते सांगायला नको, खानापूरकडच्यांना तर नाहीच. कातडं दमट हवेत ढिलं पडतं, कोरड्या हवेत ताणतं. गणपतीसाठीची गाणी नेमकी याच दिवसांत रेकॉर्ड होतात. पावसातून आणलेली ढोलकी एसीच्या खोलीत ठेवली की तिचा सूर हळूहळू चढत जातो. आल्या आल्या लावून पहिलं कडवं वाजवलं आणि तासाभराने तिसरं, तर दोन्ही कडव्यांतली ढोलकी वेगळी वाटते. मग ती तुकडे जोडून एकसारखी करणं कुणालाच जमत नाही.

चामड्याची वाद्यं उघडी करून अर्धा-पाऊण तास त्याच खोलीत ठेवा, तोवर माइकची मांडणी होते. मग सुरात लावा आणि दर टेकआधी (म्हणजे रेकॉर्डिंगच्या दर फेरीआधी) पेटीशी ताडून बघा. पखवाजाचं आणखी वेगळं आहे. डाव्या पुडीला लावलेली ओली कणीक एसीच्या वाऱ्यात लवकर सुकते, कडेने तिला भेगा पडतात आणि खर्जातली घुमार निघून जाते. पखवाजियाला एसीच्या झोताखाली बसवू नका. मळलेली कणीक डब्यात झाकून सोबत न्या आणि दोन टेकच्या मध्ये लागेल तशी बदलू द्या. यात वेळ जातो, पण तो गेलाच पाहिजे. ज्या ग्रुपचा कणाच पखवाज आहे त्यांनी इथे घाई करू नये.

टाळांचं एवढंच सांगतो: बाकी सगळं झाल्यावर वेगळे घ्या. एका खोलीत सगळे बसून वाजवले तर टाळ प्रत्येक माइकमध्ये शिरतात आणि नंतर गायकाचा आवाज वर घ्यावा तर त्याच्याबरोबर टाळही वर येतात.

क्लिकचा हट्ट

क्लिकवर (हेडफोनमधल्या एकसारख्या टिकटिकीवर) वाजवलं म्हणजे काम चोख, अशी समजूत पसरली आहे. बँडच्या गाण्याला ते लागू आहे. पण भजनात गजराला लय चढते आणि ती चढायलाच हवी. पोवाड्यात शाहीर एखाद्या शब्दावर थांबतो, मग डफ उसळून येतो. हे सगळं एका आकड्याच्या क्लिकवर बसवलं तर चूक काहीच दिसत नाही आणि गाण्यातला जीव मात्र निघून जातो. यावर मला फार ठामपणे बोलावंसं वाटतं, कारण आपल्या भागातल्या चांगल्या मंडळांचं बळ त्या चढत्या लयीतच आहे.

तालीम चांगली रंगली असेल त्या दिवशी मोबाईलवर रेकॉर्ड करा. टेम्पो मोजणारं अ‍ॅप घेऊन मुखडा, अंतरे आणि गजर यांची लय वेगवेगळी मोजा. समजा मुखडा मिनिटाला ९२ ठोक्यांवर आहे आणि गजर १०८ वर जातो, तर ते आकडे इंजिनियरला द्या. त्यावरून चढती क्लिक बनवता येते. तेही पटत नसेल तर पखवाज, पेटी आणि गायक यांना एकत्र बसवून क्लिकशिवाय घ्या. मात्र त्यावर नंतर प्रोग्रामिंग (कॉम्प्युटरवर बसवलेली वाद्यं) चढवणार नाही हे आधीच पक्कं हवं.

ध्वनीत गुरगुर येते

पन्नास हर्ट्झची ती खालची गुणगुण बहुतेक वेळा विजेच्या जोडणीतून येते. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. थांबली तर दोष तिथेच आहे. नाही थांबली तर अ‍ॅम्प्लिफायर, कीबोर्ड आणि इंटरफेस (माइक-वाद्यं लॅपटॉपला जोडणारी पेटी) विजेच्या एकाच बोर्डवर घ्या. डीआय बॉक्स (गिटार किंवा कीबोर्ड थेट मिक्सरला जोडायची डबी) असेल तर त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात आणि आवाज थांबतोही. हे कधीही करू नका. गिटार गळ्यात आणि ओठ माइकला अशा स्थितीत वीज उतरली तर माणूस जाऊ शकतो.

घरचं रेकॉर्डिंग पाठवताना

निम्मं काम घरी लॅपटॉपवर करून उरलेलं स्टुडिओत करणं आता सर्रास चालतं, आणि खर्चाच्या दृष्टीने ते शहाणपणाचंही आहे. गडबड होते ती फाइल देताना. प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या अगदी सुरुवातीपासून काढा, मग गिटार दुसऱ्या मिनिटाला का येत असेना. तसं केलं तरच समोरच्याकडे सगळं आपोआप जागेवर बसतं. वेव्ह फाइल, चोवीस बिट, आणि सगळ्यांचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाच्या किती नोंदी घेतल्या तो आकडा) एकच. व्हिडिओ करायचा असेल तर ४८ किलोहर्ट्झ ठेवा. रिव्हर्ब (आवाजाला दिलेली घुमी) वगैरे काढून टाका. तो परिणाम फारच आवडला असेल तर तसा एक ट्रॅक वेगळा द्या. रेकॉर्ड करताना सर्वांत मोठा आवाजही उणे सहा डेसिबलच्या खाली राहू द्या. शून्याला, म्हणजे यंत्राच्या कमाल मर्यादेला, फाटलेला आवाज कुणालाही शिवता येत नाही.

फाइलची नावं रोमन लिपीत लिहा, काही सॉफ्टवेअरना देवनागरी वाचता येत नाही. चार मिनिटांचा असा एक मोनो (डावं-उजवं वेगळं नसलेला) ट्रॅक साधारण ३५ एमबीचा होतो, म्हणजे वीस ट्रॅकचं गाणं ७०० एमबीच्या आसपास. पेनड्राइव्हवर किंवा ड्राइव्हच्या लिंकने द्या. मोबाईलवर पुढे ढकललेल्या व्हॉइस नोट दाबलेल्या असतात, त्या फक्त चाल लक्षात राहावी म्हणून ठीक.

"अण्णा, आवाज थोडा फुलवा की"

मिक्स ऐकून आपण असं काहीतरी बोलतो आणि समोरचा अंदाजाने कुठलंतरी बटण फिरवतो. तेवढ्यात ढोलकीवाला फोन करून ढोलकी वाढवायला सांगतो, गायकाचे काका गायक वाढवायला सांगतात, आणि चौथ्या फेरीला सगळं पुन्हा पहिल्या जागी येतं. स्टुडिओशी ग्रुपच्या वतीने एकानेच बोलायचं, हे आधी ठरवा. बाकीच्यांनी आपलं म्हणणं त्याच्याकडे द्यायचं. आणि ते असं लिहायचं: "१:४२ ला ‘माउली’ शब्द ढोलकीखाली दबतो." वेळ, वाद्य आणि काय होतंय, एवढं पुरतं. उपाय काय करायचा ते इंजिनियरवर सोडा.

आपल्याकडे इंजिनियर बरेचदा कन्नड बोलणारा असतो. कानाचा तयार असतो, पण गाण्यातला शब्द कुठे तुटतो हे त्याला आपल्याइतकं कळेलच असं नाही. गीताच्या कागदावर प्रत्येक ओळीला नंबर घाला. "सात नंबर, मधला शब्द, आणि एकदा घेऊया" म्हटलं की दोघांचंही काम होतं.

मिक्स हेडफोनवर ऐका, मोटारीत ऐका, आणि मोनोत जरूर ऐका. मंडपातले स्पीकर पुष्कळदा मोनोच जोडलेले असतात. गिटार रुंद वाटावी म्हणून उजव्या-डाव्या बाजूला काही करामती केल्या असतील, तर मंडपात तीच गिटार पातळ होते किंवा दिसेनाशी होते.

कागद न करणं

ओळखीचा स्टुडिओ, गावचाच माणूस, म्हणून लिहून काही घेतलं जात नाही. भांडण नंतर होतं, गाणं चाललं की. निदान एवढं आधी लिहून घ्या: तासाचा दर की गाण्याचा, माइकची मांडणी करण्याचा वेळ धरून की सोडून, मिक्समध्ये किती वेळा बदल करून मिळतील, जीएसटी आत की वर, आणि तारीख चुकली तर आगाऊ रकमेचं काय.

हक्कांचं तर लिहिलंच पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, आणि ज्याने ते करण्यात पुढाकार घेतला, जबाबदारी उचलली, तो निर्माता. म्हणून पैसे कुणाच्या नावाने दिले आणि बिल कुणाच्या नावावर आहे याला महत्त्व आहे. बिल ग्रुपच्या नावावर घ्या. कुणी चॅनलवाला हक्क मागत असेल तर नुसत्या शब्दावर ते देता येत नाहीत, सहीचा कागद लागतो. त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. "कायमस्वरूपी, जगभर" असे शब्द कागदात असले तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

अभंग संतांचा, चाल कुणाची?

संतांचे शब्द सर्वांचे आहेत, पण ज्या चालीवर आपण ते लहानपणापासून म्हणतो ती चाल एखाद्या संगीतकाराची असू शकते. आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचंच उदाहरण घ्या. कबीरांची पदं कैक शतकांची, पण त्यांना कुमारजींनी दिलेल्या स्वतःच्या चालींवरचा हक्क त्यांच्या निधनानंतर साठ वर्षं राहतो. ते १९९२ साली गेले, म्हणजे २०५२ संपेपर्यंत. अशी चाल घेऊन गाणं अपलोड केलं की दावा येतो आणि कमाई दुसरीकडे वळते. परवानगी घ्या, नाहीतर स्वतः चाल बांधा. माझा कौल स्वतःच्या चालीला आहे. आपल्या गावच्या भजनात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या, कर्ता ठाऊक नसलेल्या चालीही पुष्कळ आहेत, त्या कुणीतरी रेकॉर्ड करायलाच हव्यात.

कोल्हापूर-पुण्याला जात असाल तर

सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबतात. २०२२ च्या डिसेंबरात आणि २०२५ च्या फेब्रुवारीत हे आपण पाहिलं आहे. वाद्यं घेऊन एसटीच्या भरवशावर राहू नका, आणि रस्ता बंद झाला तर तारीख पुढे ढकलता येईल हे स्टुडिओकडून आधीच कबूल करून घ्या.

शेवटच्या दिवशी काय घेऊन यायचं

फक्त तयार गाणं घेऊन परत येणारे ग्रुप सहा महिन्यांनी अडतात. कार्यक्रमात वाजवायला गायकाविना ट्रॅक लागतो, व्हिडिओवाल्याला वाद्यं वेगळी लागतात. तोवर स्टुडिओतला कॉम्प्युटर बदललेला असतो, प्लगइन (आवाजावर परिणाम देणारी जोड-सॉफ्टवेअर) उघडत नाहीत. म्हणून मिक्स पक्कं झालं की त्याच बैठकीत पूर्ण गाणं, गायकाविना ट्रॅक, कोरससह पण मुख्य गायकाविना ट्रॅक, आणि प्रत्येक वाद्याची वेगळी वेव्ह फाइल काढून मागा. मूळ रेकॉर्डिंग आपल्या हार्डडिस्कवर घ्या आणि दुसरी प्रत ग्रुपमधल्या दुसऱ्याच्या घरी ठेवा. हे सगळं दर ठरवतानाच बोलून ठेवा, म्हणजे शेवटच्या दिवशी त्याचे वेगळे पैसे मागितले जाणार नाहीत.