यूकेत एम्प्लॉयमेंट ट्रिब्युनलला जाताय? आधी कॅलेंडर उघडा

पहिली गोष्ट म्हणजे तारीख. अनफेअर डिसमिसलच्या (अन्यायाने नोकरीवरून काढल्याच्या) दाव्याला 3 महिने उणे 1 दिवस अशी मुदत चालत आलीय, म्हणजे 10 मार्चला काढलं तर 9 जून, पण नियम बदलतायत म्हणून आजची मुदत एकासच्या (Acas, नोकरीतले वाद सोडवायला मदत करणारी सार्वजनिक संस्था) साइटवर बघूनच घ्या. कंपनीतलं अपील चालू आहे म्हणून थांबलात तर फसलात, घड्याळ त्यासाठी थांबत नाही.

आधी एकासला कळवायचं, तिथून सर्टिफिकेट नंबर मिळतो, तो ईटी1 फॉर्मवर, म्हणजे ट्रिब्युनलच्या दाव्याच्या फॉर्मवर टाकायचा. फी नाही, 2017 ला सुप्रीम कोर्टानेच रद्द केली.

आता खरं काम. फॉर्ममध्ये राग ओतू नका (मोह होतो, माहितीये), कधी, कोण, काय बोललं एवढंच तारखेने लिहा, कारण जे त्यात नाही ते नंतर घुसवायला परवानगी मागत बसावं लागतं. विटनेस स्टेटमेंटमध्ये (तुमच्या लेखी साक्षीत) प्रत्येक मुद्द्याला बंडलचा, म्हणजे सुनावणीच्या कागदपत्रांच्या फाइलचा पान नंबर द्या. ‘मॅनेजर नेहमी त्रास द्यायचा’ याला काही वजन नाही, ‘4 फेब्रुवारीचा ईमेल, पान 47’ म्हटलं की जज पान उघडतात. उलटतपासणीत भाषण नको, साक्षीदाराला तेच पान दाखवा, छोटा प्रश्न विचारा आणि गप्प बसा.