चष्म्याच्या काडीवर स्पीकर

अजिंक्यताऱ्यावर पहाटे चालताना कानात इअरफोनची बोंडं कोंबली की मागून येणारी मोटारसायकल कळत नाही. म्हणून मी स्पीकर चष्म्याच्या काडीलाच लावले. फ्रेम जाड प्लॅस्टिकची हवी. तारेच्या काडीला वजन पेलत नाही.

जुन्या वायरवाल्या हेडफोनमधले 16 किंवा 32 ओमचे स्पीकर चालतात. पण नुसते चिकटवू नका. स्पीकरचा पडदा हवा पुढे ढकलतो तेव्हा मागे उलटी लाट जाते, दोन्ही भेटल्या की खर्ज मरतो. तबला वाजतो, डग्गा गायब! औषधाच्या बाटलीच्या झाकणात स्पीकर बसवून कडा ग्लू गनने बंद करा.

आधी चिकटपट्टीने जागा ठरवा: कानाच्या भोकाच्या जरा पुढे, तोंड कानाकडे, कातडीला न टेकता. मगच पक्कं करा. वायरी काडीवरून मागे मानेकडे न्या, म्हणजे बिजागरीत अडकत नाहीत. हेडफोनच्या बारीक तारांवर वार्निशसारखा थर असतो; तो जाळल्याशिवाय डाख धरत नाही. दोन्हीकडचं प्लस-मायनस सारखं ठेवा.

शेजाऱ्याला थोडं ऐकू जातंच. एसटीत लावू नये, आमच्याकडे लोक फर्माईश करतात.