झोन दिसला म्हणून हुरळू नका! कापूस-प्लास्टिक खाणारे जंतू शोधताना या चुका टाळा

जानेवारी उजाडला की आमच्या लॅबमध्ये प्रोजेक्टवाल्यांच्या पिशव्या यायला लागतात. कुणी नागपूरच्या भांडेवाडी कचरा डेपोची माती आणतं, कुणी जिनिंगमधला कचरा. गेल्या वर्षी एका पोरीनं घरच्या कूलरची वाळ्याची जुनी ताटीच कापून आणली. चार महिने ओली राहिलेली, काळी पडलेली, बोटाला चिकटणारी. नमुना म्हणून मला तीच सगळ्यात आवडली. नमुना निवडताना पोरं फारशी चुकत नाहीत. चुकतात ती पुढे, पहिल्याच प्लेटवर, कॉलनीभोवती फिकं वर्तुळ, म्हणजे झोन, दिसला की.

कापूस (म्हणजे जवळपास निव्वळ सेल्युलोज), कायटिन (किड्यांच्या कवचातला पदार्थ), प्लास्टिक ही मंडळी पाण्यात विरघळत नाहीत. जंतूला ती गिळता येत नाहीत. त्याला एन्झाइम बाहेर सोडावं लागतं, त्या एन्झाइमनं घट्ट रचलेल्या पृष्ठभागावर जाऊन बसायचं, एकेक साखळी मोकळी करायची आणि मग तोडायची. अवघड काम हेच आहे. आणि आपण चाचणी सोपी व्हावी म्हणून नेमकं हेच काम परीक्षेतून वगळतो.

सीएमसी म्हणजे कापूस नव्हे

सीएमसी म्हणजे पाण्यात विरघळेल असं बदललेलं सेल्युलोज. त्याची प्लेट, वरून काँगो रेड हा रंग, पंधरा मिनिटांनी मिठाच्या पाण्यानं धुवायचं: १९८२ साली टीदर आणि वुड यांनी मांडलेली ही पद्धत आजही सगळे वापरतात, कारण ती स्वस्त आहे आणि लाल प्लेटवर फिका झोन फोटोत छान दिसतो. पण सीएमसी विरघळतं. त्याच्या साखळ्या आधीच सुट्या झालेल्या असतात. तिथला झोन एवढंच सांगतो की सुटी साखळी मधून कापणारं एन्झाइम जंतूकडे आहे.

माझ्या एमएस्सीच्या प्रोजेक्टला असाच एक बॅसिलस मिळाला होता. कॉलनी चण्याच्या डाळीएवढी, झोन रुपयाएवढा. मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. मग सरांनी त्याच्यासमोर फिल्टर पेपरची पट्टी ठेवायला लावली. तीन आठवड्यांनी चिमट्यानं उचलली तर पट्टी अख्खी, कडासुद्धा सुटलेल्या नव्हत्या.

म्हणून सीएमसी फक्त पहिल्या चाळणीपुरतं ठेवा. दुसरी चाळणी फिल्टर पेपर किंवा ॲव्हिसेलची, म्हणजे न विरघळणाऱ्या सेल्युलोजच्या पांढऱ्या भुकटीची. ॲव्हिसेल प्लेटमध्ये घालायचं तर खाली साधं अगार आणि वर पातळ थर ओता. सगळीकडे जाड थर ओतला की खालचा पांढरेपणा झोन झाकून टाकतो. झोनच्या मापावरून ‘हा त्याच्यापेक्षा दुप्पट ताकदीचा’ असंही लिहू नका. अगार किती जाड, एन्झाइमचा रेणू किती मोठा, यावरही झोन पसरतो.

प्लास्टिकवाल्यांची हीच चूक वेगळ्या कपड्यात येते. ट्रायब्युटिरिनवर झोन आला की प्रबंधाच्या शीर्षकात थेट ‘पीईटी (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक) विघटन’! ट्रायब्युटिरिन ही साधी लहान रेणूंची चरबी आहे, ती कितीतरी लायपेज, म्हणजे चरबी तोडणारी एन्झाइम, फोडतात. २०१६ मध्ये जपानी गटानं जाहीर केलेला पीईटी खाणारा जंतू आयडिओनेला साकाएन्सिससुद्धा कमी स्फटिकी पीईटीच्या पातळ फिल्मवर, ३० अंशांना, सुमारे सहा आठवडे घेत होता. पाण्याची बाटली फुगवताना पीईटी ताणलं जातं आणि त्याची रचना आणखी घट्ट होते. तेव्हा बाटलीचा तुकडा टाकून आठ दिवसांत निकाल मागू नका.

वाढला म्हणजे खाल्लं असं नाही

आपल्याकडे कापूस मुबलक, म्हणून कच्चा कापूस थेट फ्लास्कमध्ये जातो. पण कच्च्या तंतूवर मेण असतं, पेक्टिन असतं, वर जिनिंगची धूळ. माध्यम गढूळ झालं तर जंतू कदाचित तेवढ्यावरच जगला असेल. धुतलेला, विरंजन केलेला सर्जिकल कापूस वापरा. माध्यमात यीस्ट एक्स्ट्रॅक्ट घालत असाल, तर सेल्युलोज नसलेला एक फ्लास्क शेजारी हवाच. तोही तितकाच गढूळ झाला तर गोष्ट तिथेच संपली.

मे महिना आणि इन्क्युबेटर

हे पुस्तकात मिळणार नाही. साध्या इन्क्युबेटरला फक्त हीटर असतो, थंड करायची सोय नसते. बाहेर ४५ अंश असताना काटा ३० वर लावला तरी आत ३० होत नाही, चाळिशीच भरते. त्यात नागपूरची कोरडी हवा. आठवडाभरात अगार आक्रसून पापडासारखं कडा सोडतं आणि एन्झाइम पसरायला ओलच उरत नाही. मग पोरं लिहितात, ‘ॲक्टिव्हिटी आढळली नाही.’ लांबचा प्रयोग असेल तर थंड करायची सोय असलेला बीओडी इन्क्युबेटर मागून घ्या, प्लेटा पॅराफिल्मच्या ताणणाऱ्या पट्टीनं बंद करा, डब्यात पाण्याची वाटी ठेवा. आणि आत एक वेगळा थर्मामीटर. डिस्प्लेवर विसंबू नका.

डीएनएसमध्ये शून्य आलं तर

डीएनएस म्हणजे तुटून सुटलेली साखर रंगावरून मोजायची चाचणी. तिच्यात शून्य आलं तर घाबरण्याआधी तळाचा गाळ बघा. सेल्युलोज तोडणाऱ्या बऱ्याच एन्झाइमांना पकडायचा हात असतो, ती ॲव्हिसेलला चिकटून खाली बसतात. तुम्ही वरचं पाणी तपासता, एन्झाइम तळाशी. गाळ धुऊन त्याचीही चाचणी करा. नमुना काढताना फ्लास्क हलवत ठेवा आणि पिपेटच्या टिपचं टोक कापा, नाहीतर कधी कण येतात, कधी नुसतं पाणी, आणि तीन रीडिंगची तीन तऱ्हा. फिल्टर पेपरची प्रमाण चाचणी ५० मिलिग्रॅमची पट्टी, ५० अंश, एक तास अशी आहे. ती अर्ध्या तासावर आणून आकडा दुप्पट करायचा नसतो, कारण सुरुवातीचा सैल भाग लवकर तुटतो आणि पुढे वेग मंदावतो.

एलपीएमओ हे सेल्युलोज तोडणारं, तांब्यावर चालणारं एन्झाइम शोधत असाल तर बफरमध्ये ईडीटीए नको, तो तांबंच ओढून घेतो. या एन्झाइमला इलेक्ट्रॉन पुरवायला घालतात ते ॲस्कॉर्बिक ॲसिड मात्र डीएनएसला स्वतःच रंग देतं.

प्लास्टिकचं वजन

फिल्मवर जंतूंचा थर बसला की वजन वाढतं. नीट धुतली नाही तर घट दिसणारच नाही. उलट घट दिसली तरी ती आत मिसळलेली रसायनं पाझरल्यामुळे असू शकते, म्हणून जंतू न टाकलेली फिल्म त्याच माध्यमात तितकेच दिवस ठेवा. एफटीआयआरवर (अवरक्त किरणांनी पदार्थातले बंध ओळखायची चाचणी) १६५० च्या आसपास नवी रेघ दिसली तर आधी चिकटलेल्या प्रथिनाचा संशय घ्या. आणि पीसीएल हे प्लास्टिक ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेनं निर्जंतुक करायच्या भांड्यात) टाकू नका, ते ६० अंशांनाच वितळतं.

शुद्ध करायची घाई

आता कूलरच्या ताटीचं. ती आणणाऱ्या पोरीच्या फ्लास्कमध्ये नवव्या दिवशी फिल्टर पेपरची पट्टी पाण्याच्या रेषेवर, बरोबर हवा लागते तिथे, लगद्यासारखी होऊन तुटली. आम्ही सगळे बघायला जमलो. तिनं लगेच प्लेटवर रेघा ओढून (स्ट्रीक करून) चार स्वच्छ कॉलन्या वेगळ्या केल्या आणि मूळ फ्लास्क धुऊन टाकला. चारांपैकी एकानंही एकट्यानं पट्टी तोडली नाही, चौघांना एकत्र टाकूनही नाही. मिश्रणातला कुणीतरी प्लेटवर वाढलाच नव्हता. ग्लिसरॉलमध्ये गोठवून मूळ मिश्रणाची एक कुपी ठेवायला दोन मिनिटं लागली असती. ती नवा तुकडा आणायला घरी गेली, तर वडिलांनी तोवर ताटी बदलली होती.